केडगावच्या पंडिता रमाबाई

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील दुसऱ्याची शेती वाट्याने करतात, आईची शाळा चौथीतच सुटली. गेल्या वर्षी मी प्रथम वर्षास प्रवेश घेतला तेव्हा फी कशीबशी भरली गेली, पण पुस्तके घेण्याची ऐपत उरली नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकपेढीतून मला चार पुस्तके वर्षभरासाठी मिळाली. त्यांतील इतिहासाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने एका माजी विद्यार्थ्याचे नाव लिहिलेले होते आणि खाली सप्रेम भेट असे शब्द होते. त्या पुस्तकावर मी वर्षभर अभ्यास केला व उत्तीर्ण झाले. निकाल लागल्यावर वाटले, या गृहस्थांना दोन ओळी लिहाव्यात. जुन्या रजिस्टरातून पत्ता मिळाला, मी पत्र टाकले, आणि तीन आठवड्यांनी ते जसेच्या तसे परत आले. ते त्या पत्त्यावर आता राहत नव्हते आणि कोठे गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते. देणाऱ्याला कळले नाही की आपले पुस्तक कोणाच्या हाती पडले; घेणारीला आभार मानता आले नाहीत. त्याची रुखरुख मला लागून राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेले. ते दौंड तालुक्यात, केडगावजवळ आहे. शिरूरहून न्हावरे, पारगाव असे करीत, भीमेचा पूल ओलांडून एस.टी. केडगावला येते. तेथले मुक्ती मिशनचे आवार मी लहानपणापासून बाहेरून पाहत आले होते. आत कोणी मोठी बाई होऊन गेली, एवढेच मामीकडून ऐकलेले. या खेपेस ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र बरोबर नेले होते. ते वाचता वाचता परत आलेल्या पत्राचा विचार पुनःपुन्हा मनात येऊ लागला. म्हणून वार्षिकांकासाठी हाच विषय घेतला आहे. मी काही लेखिका नव्हे, तेव्हा चुकभूल पोटात घालावी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. त्या काळी त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीस शिकविले. हे कुटुंब गावोगाव पुराणे सांगत पायी हिंडे, आणि रमाबाईंचे सारे बालपण त्या वाटचालीतच गेले. दुष्काळाच्या त्या दशकात उपासमारीने आईवडील गेले, थोरली बहीण गेली. मागे उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास अर्धपोटी चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या मुलीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते तिला ही पदवी मिळाली! आम्हां पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

सुख मात्र त्यांच्या वाट्याला फार दिवस आले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्या एका वर्षात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची गरज मांडली, आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून १८८३ साली इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला. तेथे वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या, त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकता शिकता संस्कृत शिकविले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस, फिलाडेल्फियास गेल्या. समारंभ संपला तरी त्या लगेच परतल्या नाहीत. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची, तर पैसा हवा. १८८७ साली त्यांनी इंग्रजीत ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे वचन दिले. निरनिराळ्या शहरांत रमाबाई मंडळे निघाली व त्यांचे सभासद वर्षाला ठरलेली रक्कम देऊ लागले. एखाद्या धनिकाने एकदाच मोठी थैली द्यावी आणि विसरून जावे, असा हा प्रकार नव्हता. पुष्कळ माणसांनी थोडे थोडे, पण दरवर्षी द्यायचे होते.

वाचकहो, क्षणभर विचार करा. टपाल बोटीने जाई आणि उत्तर यायला महिने लागत. देणाऱ्या बायकांनी मुंबई पाहिली नव्हती, पुणे पाहिले नव्हते. अशा स्थितीत त्यांचे मन दहा वर्षे कसे टिकावे? ते टिकले बातमीमुळे. रमाबाई पत्रे लिहीत आणि असोसिएशन दरवर्षी अहवाल छापी. शाळेत किती मुली आल्या, त्यांत विधवा किती, कोण काय शिकली, पैसा कोठे खर्च झाला, हे त्यातून देणाऱ्यांच्या घरी पोहोचे. आपला पैसा कोण्या एका मुलीच्या पाटीवर अक्षर होऊन उमटला हे त्यांना कळत होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या दिवसाच्या विद्यार्थिनी दोन. त्यांतील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. सदनात धर्माची सक्ती नसावी असे ठरलेले होते. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, काही मुली तेथे जाऊन बसत, आणि त्यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोष कोणाचा यावर आजही दोन मते आहेत. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर जबरदस्ती केली नाही. पालकांचे म्हणणे असे की आम्ही मुली शिकण्यासाठी पाठविल्या होत्या. मला त्यातून एक गोष्ट जाणवली. परदेशातले देणारे टिकले आणि गावातले तुटले. संस्थेविषयी गावाचा विश्वास उडाला की तो पैशाने परत मिळत नाही. संस्था काय करते हे जवळच्या माणसांनाही उघडपणे कळले पाहिजे आणि पटले पाहिजे.

पण तुटलेल्या धाग्यातूनही काही निघाले. त्याच १८९३ साली शारदा सदनातील गोदूबाईंचा पुनर्विवाह फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. आनंदीबाईंनी त्यासाठी वर्गणी गोळा केली. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या, तेथेच कामाला राहिल्या, आणि १९१८ साली निधीसाठी थेट अमेरिकेस गेल्या. आश्रमातून शिकून निघालेली बाई आश्रमासाठी समुद्र ओलांडते! माजी विद्यार्थिनी म्हणजे काय, हे याहून चांगले कोण सांगेल? आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात शारदा सदनाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांचा संसार आणि कार्य दुसऱ्या संस्थेत गेले, तरी पहिली शाळा त्या विसरल्या नाहीत.

इकडे रमाबाई दुष्काळाला सामोऱ्या गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. स्वतः बालपणी भूक भोगलेली असल्याने त्यांना ते दृश्य पाहवले नसेल. पुण्यात प्लेग आल्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथल्या उघड्या माळावर हा संसार उभा राहिला. विहिरी खणल्या, मळा केला, आणि मुक्ती सदन नावारूपास आले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती, विणकाम, तेलघाणा, छापखान्यातले जुळारीकाम शिकल्या. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकविले. शारदा सदनात शिकलेल्या काही मुली आता नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या.

दरम्यान १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत पुरी झाली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि ज्यांनी पैसा दिला त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला. असोसिएशन नव्याने बांधली गेली व मदत चालू राहिली. पुढे मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यातून ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागले आणि केडगावची बातमी दूरदूरच्या स्नेह्यांस पोहोचू लागली. एका खेड्यातून, आमच्याच भीमाकाठावरून!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. रमाबाई स्वतःही कोणाच्या तरी माजी विद्यार्थिनी होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे धर्मावरून कडाक्याचे मतभेद झाले, तरी पत्रे थांबली नाहीत. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. गुरूंचे सगळे पटलेच पाहिजे असे नाही, पण पत्ता हरवू देऊ नये.

अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणण्यात घालविली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. मुक्ती मिशनचे काम तेथे आजही चालू आहे.

सुट्टी संपवून परत येताना मी एस.टी.च्या खिडकीतून ते आवार पुन्हा पाहिले. मनात आले, आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी मुले बाहेर पडतात. कोणी रांजणगावच्या कारखान्यांत जातात, कोणी दौंडला रेल्वेत, कोणी पुण्यास, कोणी लग्न होऊन दूरच्या गावी. मेळाव्याची पत्रिका जाते तेव्हा आपल्याला त्यांची आठवण होते. एरवी कोणती खोली बांधली, कोणती मुलगी पहिली आली, ग्रंथालयात काय कमी आहे, हे आपण त्यांना सांगतो का? बातमी न देता फक्त देणगी मागितली, तर देणाऱ्याचा हात आखडणारच.

प्राचार्य, गुरुजन व मित्रमैत्रिणींपुढे माझी एक नम्र सूचना आहे. या वार्षिकांकात माजी विद्यार्थ्यांसाठी चार पाने राखावीत. एका पानावर त्यांच्या बातम्या, एकावर महाविद्यालयाच्या, एकावर मिळालेल्या भेटींचा पैशापैशाचा हिशेब, आणि एकावर पुस्तकपेढीतील मुलामुलींनी आपल्या शब्दांत लिहिलेले आभार द्यावेत. अंक प्रत्येक माजी विद्यार्थ्यास पाठवावा, आणि जाताना प्रत्येकाने आपला कायमचा पत्ता नोंदवून जावा. मोबाईलचे नंबर बदलतात, म्हणून गावाकडचाही पत्ता घ्यावा.

पुढच्या वर्षी मी पदवी घेऊन बाहेर पडेन. सर्वांत आधी माझा पत्ता रजिस्टरात लिहीन. पहिली कमाई हाती आली की इतिहासाचे एक पुस्तक पुस्तकपेढीस देईन, आणि पहिल्या पानावर माझ्या नावाखाली पत्ताही लिहीन. ते पुस्तक ज्या मुलीला मिळेल तिचे पत्र परत जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

ज्या माउलीने केडगावच्या माळावर बसून सातासमुद्रापलीकडच्या माणसांशी नाते राखले, तिला माझे विनम्र अभिवादन.