गौहरजान आणि लाखेची तबकडी

जुन्या मराठी वाड्यांतून अजूनही एखाद्या माळ्यावर कर्ण्याचा ग्रामोफोन आणि फडक्यात गुंडाळलेल्या तबकड्या सापडतात. त्यांत गौहरजानबाईंची एखादी असली आणि सुई नीट बसली, तर एक गंमत कानी पडते. ठुमरी संपते न संपते तोच बाई आपले नाव इंग्रजीत सांगून मोकळ्या होतात. पुष्कळांना हा त्यांचा तोरा वाटतो. तोरा त्यांना होता, नाही असे नाही; पण हा प्रकार कंपनीच्या सोयीचा होता. मेणावर उमटवलेले गाणे जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी जाई आणि तबकड्या तिथे छापल्या जात. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी भाषेचा गंध नव्हता. कोणाचे गाणे कोणते हे त्यांना कळावे म्हणून गाणाऱ्याने शेवटी स्वतःच नाव उच्चारायचे. कलकत्त्यात गायलेली चीज कलकत्त्याच्याच रसिकाला ऐकायची, तर तिने आधी जर्मनीची वारी करून यायचे, असा तो व्यवहार होता.

बाईंचा जन्म 1873 साली आझमगढचा. मूळ नाव अँजेलिना. वडील रॉबर्ट येओवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, बर्फाच्या कारखान्यात इंजिनियर. आई व्हिक्टोरिया, तिचे वडील इंग्रज आणि आई हिंदू. आईबापांचे पटले नाही आणि 1879 साली काडीमोड झाली. माय-लेकी काशीला आल्या, मुसलमान झाल्या, आणि व्हिक्टोरियाची मलकाजान व अँजेलिनाची गौहरजान झाली. 1883 साली दोघी कलकत्त्यास गेल्या. अयोध्येचा पदच्युत नवाब वाजिद अली शहा तिथे मटियाबुर्जला आपला उरलासुरला दरबार थाटून बसला होता. राज्य गेले तरी गाणे-बजावणे गेले नव्हते. मलकाजानचा तिथे जम बसला आणि मुलीला तालीम मिळाली ती अव्वल दर्जाची: पतियाळ्याच्या काले खाँकडून गायकी, बिंदादीन महाराजांकडून कथक, शिवाय धृपद-धमार आणि बंगाली कीर्तन. 1887 साली दरभंग्याच्या दरबारात ती प्रथम गायली. पुढच्या पंधरा वर्षांत कलकत्त्यात तिच्या बरोबरीचे नाव घ्यायला जागा उरली नाही. तिच्या मांजरीच्या कौतुकावर उधळलेल्या हजारो रुपयांच्या कथा सांगतात. असल्या कथा गवयांच्या घरात पिकतातच.

आता त्या कंपनीकडे वळू. लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने 1901 साली कलकत्त्यात आपली शाखा उघडली. यंत्र विकायचे तर त्यावर वाजवायला देशी गाणे हवे, एवढे कंपनीला ठाऊक होते. फ्रेड गेसबर्ग हा तिचा वाकबगार माणूस 1902 साली पूर्वेच्या सफरीवर निघाला आणि आधी कलकत्त्यास उतरला. नोव्हेंबरमध्ये गौहरजानबाई त्याच्या कर्ण्यासमोर बसल्या. एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात आलाप, अस्ताई, अंतरा, ताना आणि शेवटी नाव. त्यातून आवाज थेट कर्ण्यात सोडायचा, मान हलवायची नाही.

आमचे वडील दरबारी गवई. तीन मिनिटांत राग कसला, चटणी होते, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. शिकवण्यांवर पोट भरताना मला मात्र बाईंच्या त्या तीन मिनिटांचे नवल वाटत आले आहे. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा असा निवाडा तालमीशिवाय येत नाही. ज्यांनी तो केला नाही, त्यांचे गाणे त्यांच्याबरोबर गेले. बडोद्याला तालीम घेतलेल्या आमच्या भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही.

हा झाला गाण्याचा भाग. व्यापाराचा भाग निराळा आहे. तबकडी ज्या द्रव्याने बांधली जाई ते द्रव्य म्हणजे लाख, आणि जगातली बहुतेक लाख आपल्याच देशातून जाई. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडा ती लाख करतो. आदिवासी ती खरवडून बाजारात आणतात. मिर्झापूर वगैरे ठिकाणी ती शुद्ध होऊन तिचे पापुद्रे बनत आणि कलकत्त्याच्या धक्क्यावरून परदेशी रवाना होत. म्हणजे लाख आमची, गळा आमचा, ऐकणारा कानही आमचा. आणि यंत्र, साचा, छपाई, जहाज व नफा त्यांचा. कापसाची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. ही तिचीच धाकटी बहीण, पण हिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण ही गात होती.

देशी माणसाने यात शिरायचा प्रयत्न केला नाही असे नाही. कुंतलीन तेलाचे कारखानदार हेमेंद्रमोहन बोस यांनी वंगभंगाच्या दिवसांत कलकत्त्यातच मेणाच्या नळ्यांवर स्वदेशी गाणी आणि खुद्द रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित करून विकायला काढला. पण बाजार नळीवरून तबकडीकडे वळला, आणि तबकडी छापण्याचे यंत्र बोसबाबूंपाशी नव्हते. त्यांनाही मग फ्रान्सच्या पाथे कंपनीशी जमवून घ्यावे लागले. इकडे इंग्रज कंपनीने 1908 साली सियालदहला स्वतःचा छापखाना उभारला. त्यामुळे हॅनोव्हरची वारी टळली आणि इथल्या माणसांना काम मिळाले, हे कबूल केले पाहिजे. किल्ली मात्र लंडनच्या हाती राहिली.

आणखी एक गोष्ट झाली, ती गवयांना पुष्कळ उशिरा समजली. इंग्लंडचा 1911 चा लेखाधिकाराचा कायदा 1914 साली हिंदुस्थानात लागू झाला. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण, याचे त्यात स्पष्ट उत्तर होते: मूळ साच्याचा जो मालक तो. अधिकाराची मुदत पन्नास वर्षे. गाणाऱ्याचे नाव त्या कलमात नाही. त्या काळचा सर्वसाधारण प्रघात बिदागी एकदा घ्यायची आणि विसरायचे असा होता. मैफलीचा तोच रिवाज म्हणून कोणाला काही वावगे वाटले नाही. पण मैफल एक रात्र चालते, तबकडी वर्षानुवर्षे विकली जाते, हा फरक कोण सांगणार?

बाईंनी 1902 ते 1920 या काळात दहाहून अधिक भाषांत सहाशेवर तबकड्या भरल्या. त्यांत मराठीही आहे. त्यांची तसबीर आगपेटीवर छापली जाई, आणि त्या आगपेट्याही ऑस्ट्रियाहून येत. 1911 च्या दिल्ली दरबारात अलाहाबादच्या जानकीबाईंबरोबर त्या बादशहापुढे गायल्या. कंपनीने त्यांना केवळ लुबाडले असे म्हणणे मला पटत नाही. कोठ्याची पायरी ज्यांनी कधी चढली नसती अशा घरांत तबकडीने त्यांचा गळा नेला. आजच्या आमच्या कित्येक विद्यार्थिनी निर्धास्त गातात, त्याची थोडीशी वाट तिथे मोकळी झाली. त्यांची बिदागीही भारी असे, आणि ती त्या ठणकावून घेत.

पण पैसा टिकला नाही. 1906 साली मलकाजान वारल्या. घरातच वाढलेल्या एका माणसाने इस्टेटीवर हक्क सांगितला, तेव्हा आपण कोणाची मुलगी हे सिद्ध करण्यासाठी बाईंना दुरावलेल्या बापाच्या दारी जावे लागले. पुढे आपला चिटणीस अब्बास याच्याशी त्यांनी जन्माची गाठ बांधली, तीही कोर्टात जाऊन सुटली. वकिलांची बिले गाण्यावर भागेनात. दरम्यान नवे गळे आले, आणि विजेच्या मायक्रोफोनने कर्ण्यासमोरचे कसब निकामी केले. जिच्या आवाजावर कंपनीने या देशात बस्तान बसवले, तिला उतारवयात आधार मिळाला तो एका संस्थानिकाचा. म्हैसूरचे कृष्णराज वडियार यांनी 1928 च्या ऑगस्टमध्ये बाईंना राजवाड्याच्या गायिका म्हणून पगारावर ठेवले. त्याच साली कंपनीने सियालदहचा कारखाना हलवून डमडमला थोरला थाटला.

म्हैसूरला बाईंना फार दिवस लाभले नाहीत. 17 जानेवारी 1930 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. 1902 सालच्या त्या पहिल्या तबकड्यांवरचा कंपनीचा अधिकार कायद्याच्या हिशेबाने 1952 पर्यंत चालला.