घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर



२६ जानेवारीला आपण शाळेत झेंडावंदन करतो, राष्ट्रगीत म्हणतो आणि घरी परततो. पण ज्या घटनेमुळे हा दिवस उगवला, तिच्या शिल्पकाराचे जीवन आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? ते जाणून घेणे आपले कर्तव्य आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत या बुद्धिमान मुलाला इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसला की तहानेने व्याकूळ होऊनच दिवस काढावा लागे.

परंतु वडिलांनी शिक्षणाची जिद्द सोडली नाही. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली भीमराव अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यानंतर लंडनला त्यांनी अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी मिळविली आणि ते बॅरिस्टरही झाले. ज्याला वर्गात पाणी मिळत नव्हते, त्याच मुलाने विद्येचा सागर ओलांडला!

त्या विद्येचा उपयोग त्यांनी स्वतःच्या सुखासाठी केला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन त्यांनी माणुसकीचा हक्क मागितला. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. अखेर एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली, ही गोष्ट आपण आवर्जून लक्षात ठेवावी.

आपल्या पुण्याशीही त्यांचा निकटचा संबंध आला. येरवड्याच्या तुरुंगात महात्माजींचे उपोषण चालू असताना, २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडली आणि दलितांसाठी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मान्य झाल्या. तो निर्णय त्यांना जड गेला.

१९४६ साली ते बंगालमधून घटना समितीवर निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा मुंबई प्रांतातून ते पुन्हा निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या सात जणांच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. आसामचे सय्यद महंमद सादुल्ला हेही त्या समितीचे सभासद होते. कोणी आजारी, कोणी दूर, अशा स्थितीत मुख्य भार बाबासाहेबांवरच पडला. प्रकृती बरी नसतानाही त्यांनी तो वाहिला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना मंजूर झाली.

या घटनेचा पाया कोणता? न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता. कायद्यापुढे सर्व समान, हे १४ वे कलम. अस्पृश्यता नष्ट, हे १७ वे. धर्मपालनाचे स्वातंत्र्य देते ते २५ वे. आणि अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा अधिकार देते ते ३० वे कलम. आपल्यासारख्या संस्थांना त्याचाच आधार आहे.

मात्र घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांनी सभागृहाला सावध केले होते. मताच्या पेटीपुढे सर्व समान आणि घरात, समाजात मात्र विषमता, असे फार काळ चालले तर ही सारी इमारतच धोक्यात येईल, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

पालकहो, हा इशारा आपल्यासाठीही आहे. हक्काची मागणी करताना आपण ३० वे कलम सांगतो. पण त्याच घरातील हुशार मुलीचे नाव सातवीनंतर शाळेतून काढले जाते, मुलगा गॅरेजवर कामाला लागतो. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. पण कायदा हाताला धरून वर्गात बसवीत नाही. ते काम आई-वडिलांचेच. शिक्षक या नात्याने रिकामा बाक पाहिला की मला साताऱ्याचे ते गोणपाट आठवते. त्या मुलाला वर्गात जागा नव्हती, तरी तो शिकला. आपल्या मुलांना जागा आहे आणि ती रिकामी राहते!

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महानिर्वाण झाले. विद्यार्थी मित्रांनो, त्यांच्या तसबिरीला हार जरूर घाला. परंतु आपल्या बहिणीचे दप्तर भरून तिला सोबत शाळेत आणा. हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.