'प्राइम'चं मराठी आणि मेजर कँडी

एस.ई.ला असताना एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये मी एक पंप जाळला. म्हणजे हात नाही लावला, नुसतं लिहिलं. तरी जळाला.

झालं असं की मुळशीकडच्या ज्या गावात आमचा कॅम्प होता, तिथे पाण्याच्या टाकीला नवा पंप बसवला होता. त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक सगळं इंग्रजीत. मी मराठी मीडियमचा, दहावीला मराठीत चांगले मार्क. त्यामुळे पंपघरात लावायच्या सूचना मराठीत करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर मीच पुढे होऊन घेतलं. पहिलीच सूचना, सुरू करण्याआधी पंप 'प्राइम' करा. खिशातल्या डिक्शनरीत 'प्राइम' या क्रियापदापुढे 'सज्ज करणे' होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पंप सुरू करण्यापूर्वी सज्ज करावा.

पंप बघणाऱ्या काकांनी तो मनापासून सज्ज केला. फडक्याने पुसला, नट आवळले, जवळचा पाला काढला आणि बटण दाबलं. आत पाण्याचा थेंब नाही. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटीने हलकी, त्यामुळे कोरडा इम्पेलर कितीही फिरला तरी विहिरीतलं पाणी वर येत नाही, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये सगळे लिहून आलोय. काकांनी वाट बघितली. ग्लँडची दोरी जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे बंद केला. मग ते मला एवढंच म्हणाले की पंप पाण्याने भरून घ्या असं लिहायला काय झालं होतं. दुरुस्तीचे पैसे आम्ही पाच जणांनी मेसच्या पैशांतून काढून दिले. पण गाव तीन दिवस हंड्यांवर होतं, ते काही भरून निघालं नाही.

कॅम्पहून परत आल्यावर मी लायब्ररीच्या रेफरन्स सेक्शनला जाऊन बसलो. तिथे मोल्सवर्थचा जाडजूड कोश हाताला लागला, १९७५ साली पुण्यात पुन्हा छापलेला. त्याच्या मागोमाग मला भेटले मेजर थॉमस कँडी. शाळेत व्याकरणाच्या मास्तरांनी विरामचिन्हांच्या धड्यात त्यांचं नाव एकदा घेतलं होतं. तेव्हा आम्ही 'कँडी' म्हणून हसलो होतो.

कँडींचा जन्म १३ डिसेंबर १८०४चा, इंग्लंडमधल्या ईस्ट नॉयल नावाच्या गावचा. जॉर्ज नावाचा जुळा भाऊ. दोघेही ऑक्सफर्डला शिकले आणि १८२२ साली, म्हणजे आपण फर्स्ट इयरला येतो त्या वयात, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात भरती होऊन इकडे आले. पेशवाई बुडून चारच वर्षं झालेली. थॉमसना काम मिळालं क्वार्टरमास्टर आणि दुभाष्याचं. दुभाष्या म्हणजे दोन भाषा येणारा माणूस एवढंच आपल्याला वाटतं. पण पलटणीतला दुभाष्या चुकला तर त्याची किंमत दुसऱ्यालाच द्यावी लागणार. 'चार्ज' म्हणजे हल्ला, 'चार्ज' म्हणजे आरोप, 'चार्ज' म्हणजे ताबा आणि 'चार्ज' म्हणजे तोफेत ठासायची दारूसुद्धा. समोर उभ्या असलेल्या शिपायाला यातला कोणता सांगायचा? माझा आपला अंदाज आहे की कँडींना कोशाचा नाद तंबू, दाणागोटा आणि बैलगाड्या यांच्या हिशेबातच लागला असणार.

त्या काळात मोल्सवर्थ नावाच्या दुसऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मराठी शब्द गोळा करायला घेतले होते. सरकारने त्या कामावर या दोन्ही कँडी बंधूंना नेमलं. पण फक्त साहेबांनी कोश केला असं समजू नका. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले अशी शास्त्रीमंडळी होती आणि त्यांचा स्वतःचा मराठी-मराठी कोश १८२९ला आधीच छापून झाला होता. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, सुमारे पंचवीस हजार शब्दांचा. त्यात कोकणातला शब्द कोणता, कवितेतला कोणता, गावंढळ कोणता हेही सांगितलेलं असतं. शब्दाचा नुसता अर्थ नाही, त्याचा पत्ताही.

मग आलं उलटं काम, इंग्रजी-मराठी कोशाचं. सुरुवात मोल्सवर्थनीच केली, पण १८३६ साली तब्येत बिघडून ते मायदेशी गेले. पुढची जबाबदारी थॉमस कँडींवर आली. १८४० ते १८४७ अशी सात वर्षं ते या कोशात होते, आणि १८४७ साली तो मुंबईत छापून झाला.

आता हे दुसरं काम जास्त अवघड का, ते मला पंप जाळल्यामुळे कळलं. मराठी शब्दाचे अर्थ सांगताना शास्त्रीबुवांना विचारता येतं. 'घाट' म्हणजे डोंगरातला रस्ता, नदीच्या पायऱ्या, भांड्याची ठेवण आणि एखाद्या गोष्टीचा घातलेला घाटसुद्धा, हे गोडबोल्यांना घरबसल्या माहीत. पण इंग्रजी शब्द किती ठिकाणी किती अर्थांनी फिरतो हे शास्त्र्यांना माहीत नाही, आणि मराठीत त्या त्या ठिकाणी काय म्हणतात हे साहेबाला माहीत नाही. दोघांनी समोरासमोर बसून एकेका शब्दाची अक्षरशः फाळणी करायची. तीही हजारो शब्दांची.

आपला 'प्राइम'च घ्या. मंत्र्यापुढे आला तर पंतप्रधान. गणितात मूळ संख्या. रंगाऱ्याकडे गेला तर अस्तराचा हात. माणसाच्या वयाबद्दल बोलायचं तर ऐन उमेदीचा काळ. आणि बंदुकीला लावला तर? मराठीत त्याला चांगला रोकडा शब्द होता, रंजक. बंदुकीच्या किंवा तोफेच्या कानावर जी बारीक दारू घालतात ती रंजक, आणि ती घालणं म्हणजे रंजक भरणं. पेशव्यांच्या गोलंदाजाला हा शब्द कोणी शिकवायला नको होता. पंपाचा 'प्राइम' याच घरातला आहे, मुख्य काम सुरू व्हावं म्हणून आधी थोडंसं भरायचं. म्हणजे काकांनी सुचवलेलं 'भरून घेणं' गोलंदाजाच्या वाक्यात बसत होतं, माझं 'सज्ज करणं' कुठेच बसत नव्हतं.

माझा रूममेट अलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकतो. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला की आमच्याकडेही तेच रडगाणं आहे. फ्रेंचमध्ये पंतप्रधान म्हणजे 'प्रमिए मिनिस्त्र', मूळ संख्या म्हणजे 'नॉम्ब्र प्रमिए', इथपर्यंत ठीक. पण पंप प्राइम करायचा तर 'आमॉर्से', आणि बंदुकीच्या बारालाही तेच क्रियापद. तिथेही गोलंदाज आणि पंपवाला एका घरात! वर गंमत म्हणजे अगदी 'प्राइम'सारखाच लिहिलेला शब्द फ्रेंचमध्ये आहे, त्याचा उच्चार 'प्रीम' आणि अर्थ बोनस किंवा विम्याचा हप्ता. सारखा दिसतो म्हणून उचलला की गेलात. इंग्रजी-फ्रेंच या तर शेजारणी, शेकडो वर्षं शब्दांची उसनवारी चाललेली. तिथे ही तऱ्हा, तर कँडींनी काय केलं असेल?

कोश चालू असतानाच त्यांच्यावर दुसरी कामं होती. विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत त्या पैशांतून ती चाले. १८३७च्या सुमारास तिची देखरेख कँडींकडे आली. लक्ष्मी रोडवर खरेदीला जाताना आपण ज्या वाड्याच्या बाजूने जातो तोच हा वाडा. तिथे शास्त्र्यांच्या गराड्यात बसलेला लष्करी साहेब डोळ्यांसमोर आणून बघा. १८५१ला ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालं, त्याचे प्राचार्यही कँडी. हेच पुढे डेक्कन कॉलेज झालं. नंतर ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेची पुस्तकं असोत की सरकारी कागद, मराठी नीट आहे की नाही याचा निकाल त्यांच्या टेबलावर लागायचा.

१८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटं पुस्तक काढलं. त्याआधी मराठीत सलग लिहायची पद्धत, वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. मोडीतलं जुनं पत्र कोणी पाहिलं असेल तर त्याला कल्पना येईल. आज जर्नलमध्ये आपण जे स्वल्पविराम विसरतो, ते मराठीत रुळायला कँडींचा हात मोठा. १८५८ला 'भाषणसांप्रदायिक वाक्ये' आलं. मला हे नावच फार आवडलं. शब्द सुटा कळून भागत नाही, तो बोलण्याच्या रीतीत कसा येतो ते वाक्यातच दिसतं, हे कोश संपवल्यावर त्यांना जाणवलं असणार. मधे १८५७ला मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, शब्द साठ हजारांवर गेले. त्यातही कँडींची मदत होती.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख सत्काराचं भाषण होईल. परक्या माणसाने आपली भाषा शुद्ध की अशुद्ध ते ठरवावं, हे पुण्यासारख्या गावाला खुपणार नाही तर काय? शिवाय त्या काळातल्या भाषांतरांतून मराठी वाक्यं इंग्रजीच्या चालीने चालायला लागली, हेही खोटं नाही. विश्रामबागेतल्याच पाठशाळेत शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर, आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री. या मुलाने १८७४ला 'निबंधमाला' सुरू केली आणि इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले. मला विष्णुशास्त्र्यांचा राग पटतो. ज्याने शब्दांची एवढी बारकाईने फाळणी केली त्याच्याच टेबलावरून जाणारी वाक्यं ताठ, इस्त्री केल्यासारखी व्हावीत, याचं मला वाईटही वाटतं. पण एक प्रश्न मी माझ्या पंपामुळे विचारू शकतो. माझी मातृभाषा मराठी, तरी मी 'सज्ज करावा' लिहिलं. कँडी परके होते, म्हणून त्यांना प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावं लागलं. मी विचारलंच नाही. काका दहा पावलांवर बिडी ओढत बसले होते.

आपल्या परिभाषेचंही बघा ना. 'स्ट्रेस' म्हणजे प्रतिबल आणि 'स्ट्रेन' म्हणजे विकृती. विकृती! सळईला लोड दिला तर ती विकृत होते असं घरी आईला सांगून बघा. 'मोमेंट'ला परिबल केलं ते बरं झालं, कोणी क्षण केला असता तर बीम कोसळलीच असती. पण 'लोड' म्हणजे भार आणि विजेचा 'चार्ज' म्हणजेही भार, म्हणजे कँडींच्या उलटी गंमत, दोन इंग्रजी शब्द मराठीत एकाच खोलीत कोंबले. हॉस्टेलच्या दोन सीटर रूममध्ये चार जण राहतात तसे.

कँडी परत इंग्लंडला जाऊन सुखाने म्हातारे झाले असते, पण तसं झालं नाही. पन्नासहून जास्त वर्षं इथे काढून २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरला ते वारले. आपण तिकडे बाईक काढून स्ट्रॉबेरी खायला जातो.

मागच्या दिवाळीत मी त्या गावात पुन्हा गेलो, सूचनांचा कागद बदलायला. या वेळी काकांना शेजारी बसवलं आणि ते बोलतील तसं लिहिलं. पहिली ओळ, पंप पाण्याने भरून घ्या, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. स्वल्पविराम माझा. फूटव्हॉल्व्हला मराठी काय लिहू म्हणून विचारलं तर ते म्हणाले, फूटव्हॉल. तसंच लिहिलं.