पैनगंगेकाठचा बर्फ आणि विल्यम ब्लॅनफर्ड

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या मुलांना पैनगंगा नवी नाही. उन्हाळ्यात तिचे खडकाळ पात्र उघडे पडते. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा गर्जत कोसळतो. याच नदीच्या खालच्या अंगाला, चंद्रपूरच्या पश्चिमेस, एकेकाळी बर्फाचे राज्य होते, असे मे महिन्याच्या उन्हात कोणी सांगितले तर विश्वास बसणे कठीण. दीडशे वर्षांपूर्वी विद्वानांनाही ते कठीणच गेले. परंतु गोष्ट खरी आहे. तिचा पहिला धागा ज्यांच्या हाती लागला, त्यांत विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हे नाव अग्रभागी येते.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडन येथे झाला. तरुणपणी दोन वर्षे त्यांनी इटलीतील एका व्यापारी पेढीत काढली. पुढे लंडनच्या खाणविद्यालयात आणि जर्मनीतील फ्रायबर्ग येथे भूविज्ञानाचे शिक्षण घेतले. १८५५ मध्ये धाकटे बंधू हेन्री यांच्यासह ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. कंपनी सरकारला कोळसा हवा होता. म्हणून दोघा भावांची रवानगी ओडिशातील तालचेर येथे झाली.

तेथे कोळशाच्या थरांखाली त्यांना एक चमत्कारिक खडक आढळला. अतिशय बारीक गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले होते. गोदावरीचा पूर ओसरल्यावर काठावर पाहावे : गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे, गाळ तिसरीकडे. वाहते पाणी वजनाप्रमाणे निवड करते. धोंडे लोटणारा प्रवाह बारीक गाळ मागे ठेवत नाही, आणि गाळ बसू देणारे संथ पाणी धोंडे वाहून आणू शकत नाही. मग दोन्ही एकत्र आले कसे? ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये उत्तर सुचवले : हे बर्फाचे काम असावे. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या प्रदेशात बर्फ? अनेकांनी शंका घेतली.

सोळा वर्षांनी, १८७२ मध्ये, पुरावा आपल्या पैनगंगेने दिला. चंद्रपूरजवळच्या इरई गावापाशी फ्रान्सिस फेडन यांना धोंड्यांच्या त्याच थराखाली चुनखडीचा पाया घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेले दिसले. पोटात दगड धरून सरकणारे बर्फच खडकावर अशी रेघ ओढते. पुढे बर्फ वितळले, त्या पाण्याने गाळ-वाळूचे थर पसरवले, आणि कालांतराने त्यांवर जंगले वाढून दगडी कोळसा तयार झाला. हे घडले सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. लातूर-नांदेडचा आपला काळा पाषाण त्या मानाने अलीकडचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा.

ब्लॅनफर्ड एकाच शोधावर थांबले नाहीत. तापी-नर्मदा खोऱ्यांतील काळ्या पाषाणाचा त्यांनी अभ्यास केला. ॲबिसिनिया आणि इराणपर्यंत भ्रमंती केली. १८७४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८७९ मध्ये मेडलिकॉट यांच्यासमवेत भारताच्या भूविज्ञानाचा मूलभूत ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. १८८२ मध्ये निवृत्त झाल्यावर भारतातील प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेचे संपादन केले. २३ जून १९०५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता, ही उकल खंडांच्या सरकण्याचा सिद्धांत पुढे आल्यानंतरच होऊ शकली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आणखी एक नोंद करावीशी वाटते. या मोहिमांत सामान वाहणारे, वाट दाखवणारे, दगड फोडणारे हात येथल्याच माणसांचे होते. शोधाच्या कथेत त्यांची नावे आली नाहीत. ब्लॅनफर्ड यांचे मोठेपण मान्य करतानाच ही रिकामी जागाही आपल्याला दिसली पाहिजे.

कारण कारण समजेपर्यंत थांबायचे नाही, दिसलेले नाकारायचे नाही, आणि पुरावा येईपर्यंत धीर सोडायचा नाही, एवढे जरी आपल्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून घेतले, तरी पैनगंगेच्या पात्रातला पुढचा ओरखडा वाचणारे डोळे याच मातीतले असतील. आणि त्या वेळी नावही त्यांचेच लिहिले जाईल.