ओ. विन्स्टन लिंक : वाफेच्या शेवटच्या गाड्यांचा छायाचित्रकार

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लहानपणीच्या आठवणीत प्रतापनगरहून डभोईला जाणारी छोटी गाडी आहे. ती गाडी गेली, रूळ रुंद झाले. मध्यंतरी घरातले जुने अल्बम काढून बसलो होतो. मुंजी, लग्ने, गणपती, सहली, सगळ्यांचे फोटो निघाले. गाडीचा एकही निघाला नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतो?

अमेरिकेतल्या एका माणसाने तो काढला, आणि तोही स्वतःच्या खिशातून पैसे घालून, पाच वर्षे. त्याचे नाव ओ. विन्स्टन लिंक. रेल्वेच्या नादी लोकांना हे नाव परिचित असते. पण लिंक यांचे फोटो फक्त इंजिनांचे नाहीत. इंजिन ज्यांच्या दारावरून जात होते, त्या माणसांचे ते फोटो आहेत, म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

ओगल विन्स्टन लिंक यांचा जन्म १६ डिसेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात झाला. वडील शहरातल्या सरकारी शाळांत सुतारकाम शिकवत. हातात हत्यार धरायची सवय आणि फोटोग्राफीची गोडी, दोन्ही गोष्टी मुलाला वडिलांकडूनच मिळाल्या. शाळेत असतानाच त्यांनी फोटो मोठे करण्याचे एन्लार्जर स्वतः बनवले होते. पुढे ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक संस्थेतून १९३७ मध्ये त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. कॉलेजच्या वृत्तपत्राचे फोटो तेच सांभाळत. त्या वृत्तपत्राच्या एका मेजवानीत त्यांनी भाषण केले, ते एका प्रसिद्धी-संस्थेतल्या अधिकाऱ्याला आवडले आणि नोकरी लागली ती फोटोग्राफरची. पदवी पूल-रस्ते बांधण्याची आणि काम कॅमेऱ्याचे!

या प्रसिद्धी-संस्थेत, कार्ल बायॉर यांच्या कंपनीत, ते जे शिकले त्याचा पुढच्या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे. तिथे फोटो घडवावा लागे. कारखानदाराचा माल वृत्तपत्रात छापून यायचा तर त्यात काहीतरी गोष्ट हवी, माणूस हवा, पाहणाऱ्याने क्षणभर थांबावे असे काही हवे. कोण कुठे उभे राहील, कोण कुठे बघेल, उजेड कुठून येईल, हे सगळे आधी ठरवायचे आणि मग बटण दाबायचे. नाटकाच्या तालमीसारखेच ते काम.

दुसऱ्या महायुद्धात गालगुंडामुळे ऐकू कमी येत असल्याने त्यांना सैन्यात घेतले नाही. पाणबुड्या विमानातून शोधण्याचे यंत्र तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते काम करू लागले. ही जागा लाँग आयलंडच्या रेल्वेमार्गाजवळ होती आणि फावल्या वेळात तिथल्या गाड्यांचे फोटो काढायला त्यांनी सुरुवात केली. युद्धानंतर १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. टायर, पेट्रोल, ॲल्युमिनियम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची कामे मिळत होती. धंदा बरा चालला होता.

जानेवारी १९५५ मध्ये ते व्हर्जिनिया राज्यातल्या स्टॉन्टन गावी गेले, वातानुकूलन यंत्रांच्या जाहिरातीचे फोटो काढायला. जवळच्या वेन्सबोरो गावातून नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीची लाइन जात होती. एका संध्याकाळी ते स्टेशनवर गाडी बघायला गेले, आणि दुसऱ्या रात्री, २१ जानेवारीला, दिवे आणि कॅमेरा घेऊन परत आले. त्या रात्री या सगळ्याला सुरुवात झाली.

त्या वेळी अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या रेल्वे-कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या. नॉरफोक अँड वेस्टर्न मागे राहिली होती, आणि त्याला कारण होते. तिचा मुख्य धंदा कोळसा वाहण्याचा. जे वाहायचे तेच जाळायचे, मग डिझेल कशाला? शिवाय रोअनोक गावातल्या आपल्याच कारखान्यात ती उत्तम इंजिने बनवत असे. प्रवासी गाड्यांसाठी बनवलेली तिथली ‘जे’ जातीची काळी, गुळगुळीत, तांबडा पट्टा ओढलेली इंजिने तर देखणीच होती. पण १९५३ मध्ये कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले आणि १९५५ मध्ये कंपनीने पहिली डिझेल इंजिने घेतली. आता किती वर्षे उरली आहेत, एवढाच प्रश्न होता.

लिंक यांनी कंपनीला पत्र लिहून परवानगी मागितली. ती मिळाली, आणि नुसती मिळाली नाही तर यार्ड, शेड, सिग्नलच्या केबिन, सगळी दारे उघडी झाली. मोबदला मात्र काही नाही. पुढच्या पाच वर्षांत न्यूयॉर्कहून वीसेक फेऱ्या करून लिंक यांनी सुमारे २,४०० निगेटिव्ह तयार केल्या. खर्च त्यांचा स्वतःचा.

फोटो रात्रीच का काढायचे? त्यांचे उत्तर इंजिनिअरचे होते. सूर्य हवा तिथे कधीच नसतो आणि तो हलवता येत नाही. रूळही हलवता येत नाहीत. रात्री मात्र सगळा अंधार आपल्या ताब्यात असतो, हवे तेच उजेडात आणता येते आणि नको ते काळोखात ठेवता येते. शिवाय फ्लॅशच्या उजेडात वाफ अशी पांढरीशुभ्र उठून दिसते की दिवसा तिला ती शोभा येत नाही.

पण काळ्या रात्रीत काळे इंजिन, तेही भरधाव, उजेडात आणायचे म्हणजे खेळ नव्हता. त्या काळचा फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा आणि संपायचा. लिंक असे कित्येक बल्ब रिफ्लेक्टरमध्ये बसवून खांबांवर, झाडांवर, छपरांवर लावत. फूटच्या फूट वायर अंथरत. त्यांना वीज पुरवणारी पेटी त्यांनी स्वतः बांधली होती. दोन-तीन कॅमेरेही त्याच क्षणी उघडत. सगळे बल्ब एकाच माळेत जोडलेले, म्हणजे एक जरी सदोष असेल तर एकही पेटणार नाही. अर्धवट उजळलेल्या फोटोपेक्षा फोटोच नसलेला बरा, असा हा हिशेब. जॉर्ज थॉम नावाचा मदतनीस बरोबर असे. दोघे दिवसभर मांडामांड करत आणि रात्री गाडीची वाट बघत. गाडी आली की एक क्षण, आणि तोही चुकला तर सगळे बल्ब बदलून पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांत गाजलेला फोटो वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावचा, २ ऑगस्ट १९५६ चा. उघड्यावरचे सिनेमागृह आहे, लोक मोटारींत बसून सिनेमा बघत आहेत. समोरच्या उघड्या मोटारीत एक तरुण जोडपे. पडद्यावर लढाऊ विमान, आणि पडद्याच्या बाजूने मालगाडी धूर सोडत निघाली आहे. मोटार लिंक यांची स्वतःची ब्यूक आणि जोडपे त्यांनी बसवलेले. चाळीसपेक्षा जास्त बल्ब एकदम पेटले. एवढ्या उजेडात पडद्यावरचे चित्र पार धुऊन निघणार हे उघड होते. म्हणून विमानाचे चित्र वेगळे टिपले आणि डार्करूममध्ये पडद्यावर बसवले.

हे कळल्यावर काही जण नाराज होतात. मग हा फोटो खोटा का? मला तसे वाटत नाही. सिनेमागृह खरे होते, रूळ खरोखरच त्याला खेटून जात होते, गाडी रोजची होती, तरुण जोडपी तिथे यायचीच. लिंक यांनी लोकांना त्यांचे नसलेले काही करायला लावले नाही. नेहमीचेच, पण ठरावीक जागी आणि ठरावीक क्षणी करा, एवढीच त्यांची विनंती असे. आपल्याकडे जुन्या स्टुडिओत आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून, मागे रंगवलेला पडदा लावून फोटो काढत. पडदा खोटा होता म्हणून आजी-आजोबा खोटे ठरत नाहीत.

लूरे गावच्या ओढ्यात रात्री पोरे पाण्यात खेळत आहेत आणि डोक्यावरच्या पुलावरून गाडी चालली आहे. लिथिया गावात एका घराची बैठकीची खोली आहे, खुर्चीत बाई बसली आहे, खिडकीशी उभा राहून एक मुलगा हात हलवतो आहे आणि काचेबाहेर, अगदी हाताच्या अंतरावर, इंजिन. घरात कोणी दचकलेले नाही. खुर्चीतल्या बाईला तो आवाज घड्याळाच्या टोल्यासारखा सवयीचा झाला असणार. व्हेसुव्हियस गावच्या दुकानाबाहेर जुन्या पद्धतीच्या पंपावर मोटारीत पेट्रोल भरणे चालू आहे. हा पंप विजेवर चालत नाही, पेट्रोल वरून खाली आपोआप उतरते, म्हणून फोटोचे नाव कधीकधी वीज जाते अशा अर्थाचे ठेवले आहे. मागून गाडी जातेच आहे.

डोंगरातल्या ॲबिंग्डन शाखेवर मात्र लिंक यांनी दिवसा फोटो काढले. त्या वळणावळणाच्या लाइनवर डबे आणि वाघिणी एकत्र जोडलेली एकच गाडी धावे. ऑक्टोबर १९५६ मध्ये ग्रीन कोव्ह स्टेशनवर काढलेल्या फोटोत गाडी येते आहे आणि समोर ओझ्याला जुंपलेली मॉड नावाची घोडी मान खाली घालून उभी आहे, जणू नमस्कारच करते आहे. घोड्यांचे दिवस इंजिनाने संपवले आणि आता इंजिनाचेच संपत आले होते. त्या फोटोसमोर मी सगळ्यांत जास्त वेळ थांबतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या वर्षांत व्हर्जिनियात कायद्याने वर्णभेद होता. शाळा, बैठकीच्या जागा सगळे वेगळे. कोळशाच्या खाणींतली कामे यंत्रांमुळे कमी होत होती, लोक गावे सोडत होते. लिंक यांच्या फोटोंत याची खूण फारशी सापडत नाही. प्रसिद्धीच्या धंद्यात मुरलेला हा माणूस होता, आणि त्याचे या गावांवर प्रेम जडले होते. प्रेमाने काढलेल्या चित्रात काही गोष्टी बाहेर राहतात. फोटो बघताना हे लक्षात असू द्यावे.

आवाजाचेही वेड त्यांना होते, एका कानाने कमी ऐकू येत असूनही. टेप रेकॉर्डर घेऊन ते रुळांकाठी बसत आणि त्यातून वाफेच्या गाड्यांच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या. यातली रूरल रिट्रीट गावची नोंद ऐकण्यासारखी आहे. १९५७ सालच्या नाताळची आदली रात्र. गावच्या चर्चमध्ये घंटांवर नाताळची गाणी वाजवायला लिंक यांनी एका बाईंना आधीच सांगून ठेवले होते. घंटा वाजत राहतात, दुरून शिट्टी येते, गाडी येते, थांबते, दमदार हुंकार देत निघते, हळूहळू लांब जाते, आणि घंटा वाजतच असतात. त्या मार्गावरच्या वाफेच्या प्रवासी गाड्यांचा तो शेवटचा नाताळ होता.

१९६० च्या मे महिन्यात कंपनीचे वाफेचे युग संपले. लिंक पुन्हा जाहिरातींच्या कामाला लागले. न्यूयॉर्कचा व्हेराझानो पूल बांधला जात असताना त्याचे फोटोही त्यांनी काढले. रेल्वेचे फोटो पेटाऱ्यात पडून राहिले. नादी मंडळींपलीकडे कोणाला त्यांची गरज वाटली नाही. १९८३ मध्ये ते निवृत्त होऊन साउथ सेलम गावी राहायला गेले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये प्रदर्शन भरल्यावर कलाजगताचे लक्ष गेले. १९८७ आणि १९९५ मध्ये मोठी पुस्तके निघाली, प्रिंटना चांगली किंमत येऊ लागली.

त्या किमतीनेच म्हातारपण कडू केले. दुसऱ्या पत्नीने त्यांच्या प्रिंट मोठ्या संख्येने लंपास केल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये ती दोषी ठरून तुरुंगात गेली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्याच कामासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. त्यानंतरही ते मिस्कीलच राहिले म्हणतात. १९९९ मध्ये आलेल्या ‘ऑक्टोबर स्काय’ या चित्रपटात इंजिन ड्रायव्हरच्या छोट्याशा भूमिकेत ते दिसतात. चित्रपट वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणीच्या गावचा आहे.

३० जानेवारी २००१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने लिंक यांचे निधन झाले. आपल्या फोटोंच्या संग्रहालयाच्या तयारीत ते होते. ते संग्रहालय जानेवारी २००४ मध्ये रोअनोकला उघडले, नॉरफोक अँड वेस्टर्नच्या जुन्या प्रवासी स्टेशनच्या इमारतीत. त्यांनी रात्री-बेरात्री टिपलेल्या ‘जे’ इंजिनांपैकी फक्त एकच, ६११ क्रमांकाचे, आज शिल्लक आहे. तेही त्याच गावच्या वाहतूक संग्रहालयाच्या मालकीचे आहे.