शेठ वालचंद आणि कुर्ल्याचा ट्रक

– प्रतिनिधी, मुंबई

पुढची गाडी त्याच कंपनीची घ्यावी की कंपनी बदलावी, हा प्रश्न उपनगरातील प्रत्येक टेम्पोमालकाला काही वर्षांनी पडतोच. आठ दशकांहून अधिक काळापूर्वी सोलापूरच्या एका उद्योजकाला हाच प्रश्न साऱ्या देशासाठी सोडवावा लागला होता. त्याचे उत्तर कुर्ल्यात उभे राहिले. वालचंद हिराचंद यांच्या जीवनाकडे या अंगाने टाकलेला हा दृष्टिक्षेप.

भल्या पहाटे मुलुंडच्या चेकनाक्यावरून लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपर-कुर्ल्याकडे निघाले, की शहर जागे होण्यापूर्वीच त्याचा शिधा वाहणारी वाहने भेटू लागतात. भाजी, दूध, बर्फ, लोखंडी सळ्या, मंडपाचे सामान असे काहीही पाठीवर घेतलेली पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखले जाणारे टेम्पो साकीनाका, मरोळ, असल्फ्याच्या गल्ल्यांत शिरत असतात. यातील बहुतेक मालकांकडे एक किंवा दोनच गाड्या असतात. गाडी गॅरेजात उभी राहिली, की त्या दिवसाचे भाडे बुडते. बँकेचा हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार मात्र थांबत नाही. त्यामुळे गाडी बदलण्याची वेळ आली, की चहाच्या टपरीवर चर्चा रंगते ती भरवशाची. कोणती कंपनी दगा देत नाही, कोणाचे सुटे भाग चटकन मिळतात, कोणते इंजिन कोणत्याही मिस्त्रीला उघडता येते, हे तेथे बारकाईने तोलले जाते.

हीच चर्चा ज्याने उद्योगाच्या पातळीवर केली, त्या माणसाचा कारखाना याच रस्त्याच्या आसपास कुर्ल्याला होता. आज प्रीमियर रस्ता हे नाव तेवढे त्याची आठवण देते.

सोलापूरचा सावकारपुत्र

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातचे; परंतु सोलापुरात स्थिरावलेले आणि मराठी मुलखाशी एकरूप झालेले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. वालचंद लहान असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. सोलापूरला शालेय शिक्षण आटोपून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले. पण पदवी न घेताच व्यवसायात उतरले.

घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक या पूर्वाश्रमीच्या रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाचे काम हे त्यातील पहिले. एकाकडे भांडवल उभारण्याची क्षमता, तर दुसऱ्याकडे कामाची खडान्‌खडा माहिती. ज्याला काम येते त्याच्याशी हातमिळवणी करायची, परंतु धंदा आपल्या ताब्यात ठेवायचा, ही वालचंदांची रीत येथूनच सुरू झालेली दिसते.

पुढे टाटांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या कंपनीमार्फत त्यांनी बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदले आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईत आणणाऱ्या जलवाहिनीचे काम केले. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यातून शहराकडे जाणाऱ्या तानसाच्या अवाढव्य नळांशी उपनगरातील रहिवाशांचा रोजचा परिचय आहे. त्या कामाशी वालचंदांचे नाव जोडलेले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हाही याच वाटचालीतील टप्पा.

‘लॉयल्टी’चा धडा

वालचंदांच्या वाहनविषयक विचाराची पहिली परीक्षा रस्त्यावर झाली नाही. ती समुद्रावर झाली. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीस निघाले. युद्धकाळात ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले होते आणि त्याहीपूर्वी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते एका कॅनेडियन कंपनीच्या ताफ्यात होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. वालचंद स्वतः त्या जहाजावर होते. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

समारंभाच्या या आठवणीत जहाजाचा पुढचा इतिहास झाकला जातो. ‘लॉयल्टी’चे बांधकाम १८९० च्या सुमाराचे होते. म्हणजे खरेदीच्या वेळी त्याचे आयुष्य सरत आले होते. धंदा म्हणून ते परवडले नाही आणि १९२३ मध्ये मोडीत निघाले. नाव मोठे, इतिहास वैभवशाली, पण गाडी जुनी. सेकंड हँड टेम्पो घेणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. सिंदियाला त्याच वेळी लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीशी दरयुद्धही करावे लागत होते. १९२३ च्या करारामुळे कंपनी तगली, परंतु तिच्यावर बंधने आली.

या प्रकरणाचा वालचंदांच्या पुढील आयुष्याशी संबंध जोडला, तर एक सूत्र हाती लागते. दुसऱ्याने बांधलेले वाहन घेता येते. मात्र ते दुरुस्त कोठे करायचे, त्याचे भाग कोणी पुरवायचे आणि पुढचे वाहन कोठून आणायचे, हे दुसराच ठरवणार असेल, तर मालकी अर्धवट राहते. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली, ती याच विचारातून. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तो समारंभ पार पडला आणि १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जल-उषा’चे जलावतरण झाले.

तीन दारे, एक करार

रस्त्यावरील वाहनांचे चित्र याहून वेगळे नव्हते. १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीला होता आणि त्यापाठोपाठ फोर्डनेही मुंबईत बस्तान बसवले होते. पेट्यांतून आलेले भाग येथे जोडले जात आणि शेवरलेट किंवा फोर्डचा ट्रक बाहेर पडत असे. गाडी चांगली होती, यात शंका नव्हती. परंतु तिची जन्मभूमी समुद्रापलीकडे होती. बोट आली नाही, तर भागही येणार नव्हते.

भारतात मोटारी बनाव्यात, हा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात धरला होता. १९३७ ते १९३९ या काळातील मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने त्यास अनुकूलता दाखवली. वालचंदांनी ही कल्पना उचलली आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिन्ही बड्या कंपन्यांची दारे ठोठावून झाली. वाटाघाटींची परिणती १९४० मध्ये क्रायस्लरशी झालेल्या करारात झाली.

येथे थोडे थांबले पाहिजे. भारतीय रस्त्यांवर फोर्ड आणि शेवरलेट ही नावे रुळलेली होती. केवळ खपाचा विचार केला असता, तर त्यांचीच एजन्सी घेणे सोयीचे ठरले असते. वालचंदांना मात्र गाडी विकायची नव्हती, बनवायची होती. कारखाना भारतीयांच्या मालकीचा राहावा, परदेशी कंपनीने तंत्र द्यावे आणि टप्प्याटप्प्याने भाग येथेच तयार व्हावेत, अशी त्यांची योजना होती. तेव्हा कोणाची गाडी उत्तम, या प्रश्नाच्या जोडीला कोण शिकवायला तयार आहे, हा दुसरा प्रश्न उभा राहिला आणि निर्णयाचे पारडे त्याने झुकवले.

याच दौऱ्यातून परतताना पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी पडली. मोटारीसाठी गेलेले वालचंद विमानाची योजना घेऊन परतले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्धाच्या गरजेमुळे १९४२ मध्ये सरकारने तिचा ताबा घेतला.

विमानाची गरज सरकारला पटली. मोटारीची मात्र पटली नाही. युद्धकार्यास आवश्यक नाही, या भूमिकेमुळे मोटार कारखाना रखडला. हातात करार आणि डोळ्यांसमोर आराखडा असताना वालचंदांना काही वर्षे केवळ वाट पाहावी लागली.

कुर्ल्यातील कारखाना

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची नोंदणी झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या बनावटीची वाहने बाहेर पडू लागली. कुर्ला तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. १९५० मध्ये ते महापालिकेत आले. आग्रा रोड जवळ, रेल्वे हाकेच्या अंतरावर आणि बंदर फारसे दूर नाही, अशी ती जागा होती. मुंबईच्या औद्योगिकीकरणाचा ओघ गिरणगावातून उपनगरांकडे वळत असताना हा कारखाना त्या बदलाचा अग्रदूत ठरला.

डॉजचे नाव तोपर्यंत देशाला अपरिचित राहिले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात डॉजच्या लष्करी गाड्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने मोठ्या प्रमाणावर वापरल्या होत्या. सैन्यातून परतलेल्या चालकांना आणि मिस्त्रींना असे इंजिन नवखे नव्हते. टेम्पोमालक आजही हेच पाहतो. जी गाडी नाक्यावरच्या मिस्त्रीला कळते, ती निम्मी भरवशाची असते.

प्रीमियरच्या ट्रकांविषयी एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. डॉज, डी सोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी हे ट्रक रस्त्यावर आले. ही तिन्ही क्रायस्लरचीच नावे. वितरक निरनिराळे असले, तरी आतला ट्रक जवळपास एकच. त्यामुळे डॉजला कंटाळून फार्गो घेणाऱ्या मालकाने प्रत्यक्षात बदलली होती ती बहुतांशी समोरची नावाची पट्टी. कंपनी बदलण्यापूर्वी पट्टीमागे काय आहे ते पाहावे, हे या तीन नावांइतके चांगले दुसरे कोण समजावणार?

निवडीचे पुढे काय झाले?

कारखाना सुरू झाला, पण वालचंदांना त्याचा बहर पाहता आला नाही. १९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांना ग्रासले आणि १९५० मध्ये ते उद्योगाच्या कारभारातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. रावळगावचा साखर कारखाना, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, सिंदियाची जहाजे आणि कुर्ल्याचे ट्रक असा पसारा मागे राहिला. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या निर्णयाची खरी कसोटी त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच लागली. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भाग येथे बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच मोटारउद्योगात वाव द्यावा. केवळ जुळणी करणाऱ्यांना नाही. परिणामी फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मुंबईतील काम गुंडाळले. प्रीमियरचा कारखाना मात्र टिकला. ज्यांनी खपणारे नाव पाहून गाडी घेतली होती, त्यांची कंपनी देश सोडून गेली. ज्यांनी कुर्ल्याचा ट्रक घेतला, त्यांचा कारखाना तेथेच होता.

तथापि ही कथा येथेच संपवली, तर ती अर्धसत्य ठरेल. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी सहकार्य करून डिझेल ट्रक आणले. मद्रासच्या अशोक मोटर्सने ऑस्टिनची साथ सोडून लेलँडशी सोयरीक केली आणि १९५५ पासून ती अशोक लेलँड झाली. प्रीमियरच्या ट्रकांतही पर्किन्सची डिझेल इंजिने बसली, परंतु मालवाहतुकीचा व्यवसाय हळूहळू प्रतिस्पर्ध्यांकडे सरकला. मालकांनी कंपनी बदलली आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. प्रीमियरचे नाव पुढे फियाटच्या सहकार्याने बनलेल्या मोटारींमुळे घराघरांत पोहोचले. त्यांचीच वंशज असलेली पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

फोर्ड आणि जनरल मोटर्स नव्वदच्या दशकात भारतात परतल्या. जनरल मोटर्सने २०१७ अखेर येथील विक्री थांबवली, तर फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. गाड्या चांगल्या होत्या. तरीही घोषणेच्या दुसऱ्या दिवशी मालकांच्या मनात पहिला प्रश्न आला तो सुट्या भागांचा. १९५३ चा प्रश्न जणू नव्या पिढीसमोर पुन्हा उभा राहिला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने दिसतात. ज्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ, त्यांचे भाग तेथे पटकन मिळतात. दुर्मीळ गाडीच्या मालकाला दहा दुकाने फिरावी लागतात. नवी पिकअप घेण्याच्या विचारात असलेल्या मालकाने शोरूममध्ये जाण्यापूर्वी या रस्त्यावर एक फेरी मारावी. कोणत्या गाडीचा गिअरबॉक्स मिळतो, कोणत्या गाडीसाठी थांबावे लागते, आपल्या नाक्यावरचा मिस्त्री कोणत्या गाडीला हात लावायला कचरतो, हे तेथे जाहिरातीपेक्षा लवकर कळते. ही उत्तरे जुन्या गाडीच्या बाजूने असतील, तर एकदोन बिघाडांनी वैतागून कंपनी बदलण्यात अर्थ नाही. विरोधात असतील, तर जुन्या ओळखीखातर चिकटून राहण्यातही नाही. तीन बड्या कंपन्यांची दारे ठोठावताना शेठ वालचंदांनी याहून फार वेगळा हिशेब मांडला नव्हता. फक्त त्यांच्या हिशेबाच्या वहीत एका टेम्पोऐवजी एक देश होता.