पॉल क्ले यांची पाटी

मागे एका शनिवारी गावी जाताना ग्रंथालयातून पॉल क्ले यांच्या चित्रांचे पुस्तक नेले होते. अण्णांनी पाने चाळली आणि असली चित्रे आपली धाकटीही पाटीवर काढते, एवढेच म्हणाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या तोऱ्यात मी त्यांना आधुनिक कला म्हणजे काय, यावर चांगले व्याख्यान दिले. ते काही न बोलता गुरांना वैरण टाकायला उठून गेले. रात्री पुस्तक खऱ्या अर्थाने वाचले, तेव्हा माझीच मान खाली गेली.

क्ले यांचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये, बर्नजवळ झाला. वडील संगीतशिक्षक, स्वतः क्लेही उत्तम व्हायोलिन वाजवीत. म्युनिकला रीतसर चित्रकला शिकून झाल्यावर, १९०२ मध्ये, त्यांना घरी आपलीच लहानपणची चित्रे सापडली. तोवर केलेल्या साऱ्या कामापेक्षा त्यांना तीच मोलाची वाटली! १९११ साली त्यांनी आपल्या चित्रांची यादी लिहायला घेतली, तेव्हा त्यांतली निवडक चित्रे अगदी आरंभी नोंदवली. म्हणजे अण्णांचे बोलणे ऐकून ते रागावले नसते, उलट धाकटीची पाटी बघायला मागितली असती.

त्यांच्या पत्नी लिली पियानोच्या शिकवण्या करून घर चालवीत. क्ले स्वयंपाक करीत आणि १९०७ साली जन्मलेल्या फेलिक्सला सांभाळीत. चूल, पोर आणि चित्र एकाच घरात! (आमच्याकडे अशा पुरुषाला काय म्हणतील, ते लिहीत नाही.) मुलासाठी त्यांनी चिंध्या, प्लास्टर, काड्यापेट्या असल्या वस्तूंतून सुमारे ५० हातबाहुल्या केल्या.

पण हा पोरखेळ नव्हता. १९२१ पासून दहा वर्षे त्यांनी बाउहाउस या कलाशाळेत शिकवले. रेषा कशी चालते, रंगाला रंग कसा तोलतो, हे ते विद्यार्थ्यांना बारकाईने समजावीत. आपल्याकडचे वासुदेव गायतोंडे यांच्यावरही क्ले यांच्या चित्रांचा प्रभाव पडला होता.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि क्ले यांची ड्यूसेलडॉर्फ येथील प्राध्यापकी गेली. ते बर्नला परतले. १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी आधुनिक चित्रांची टिंगल करण्यासाठीच प्रदर्शन भरवले. त्यात क्ले यांचीही चित्रे होती. तोवर त्यांना त्वचा ताठरत जाणारा असाध्य आजार जडला होता. १९३६ मध्ये हातून जेमतेम २५ चित्रे झाली. आणि १९३९ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, १२०० हून अधिक! जाड, काळ्या, मोजक्या रेषा. २९ जून १९४० रोजी ते गेले. जन्म स्वित्झर्लंडमधला असूनही वडिलांमुळे ते जर्मन नागरिक होते. स्विस नागरिकत्वाचा त्यांचा अर्ज तेव्हाही निकालात निघाला नव्हता.

सोमवारी पहाटे निघण्यापूर्वी मी धाकटीची पाटी मागितली. शाळेचा अभ्यास लिहायचा म्हणून तिने ती रात्रीच पुसली होती.